सामानापाशी कुंदाताई

यवतमाळात कोणाच्याही घरचं लग्न असो, कोठीच्या खोलीची किल्ली कुंदाताईच्या कमरेला. लाडवांचे डबे, साखर, रुखवत, सगळ्यावर तिची नजर. त्यामुळे गावभरच्या लग्नांना हजर राहूनही बाईनं मंगलाष्टकं ऐकली ती दाराआडून. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. लोक म्हणायचे, कुंदा आहे नं, मग कायची चिंता. कुंदाची चिंता कोणी करायची, हे मात्र कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. दरवर्षी फळ्यावर दीपगृह काढायची. समुद्र मात्र जन्मात पाहिला नव्हता. एकसष्टच्या दिवाळीत बरोबरच्या शिक्षिकांनी, पद्मजा आणि आणखी दोघींनी, कोकणची सहल ठरवली, तेव्हा वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "बाई, दीपगृहाच्या वरून समुद्र कसा दिसते ते पाहून या नं."

"पाहते नं," ती म्हणाली, आणि त्या भरात तिनं नवं पातळ घेतलं.

दीपगृह इंग्रजांच्या वेळचं. कित्येक वर्षं पडीक होतं, आता डागडुजी होऊन, पांढरा रंग लागून पुन्हा सुरू झालं होतं. दिवा लावायच्या आधी लोकांना वर सोडत. चौघी बंदराकडे जाताना वाटेत थांबलेल्या, सामान बरोबरच; जिना अरुंद, वळकट्या आणि ट्रंका वर नेता येईनात. शिदोरीवर कावळे टपलेले. तिघीही कुंदाताईकडे पाहू लागल्या.

"कुंदे, तू बस नं जराशी सामानापाशी," पद्मजा म्हणाली. "आम्ही आलो का तू जाय."

ती बसली. आता बसायचं काहून? एकदा तरी नाही म्हणून पाहावं नं बाई! वरून तिघींचं हसणं ऐकू येत होतं. हिनं निऱ्या सारख्या केल्या, केस बसवले, तयार होऊन राहिली.

त्या खाली आल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. रखवालदारानं दार लावून घेतलं. "आता दिवा लागेल. उद्या या." उद्या पहाटे तर परतीची बोट होती.

"अगबाई, वेळेचं भानच राहिलं नाही," पद्मजा हळहळली.

"असू दे," कुंदाताई म्हणाली, आणि ट्रंकेची कडी नीट लागली का ते पाहायला वाकली. डोळे भरून आले होते.

शाळा उघडल्यावर दीपगृहाचा धडा तिनं नुसता पुस्तकातून वाचून संपवला. पोरींनी काही विचारायच्या आत घंटा झाली, तेवढंच नशीब.

पुढे दोन-तीन वर्षांनी पद्मजाकडे हळदीकुंकू होतं. सहलीच्या गोष्टी निघाल्या. पद्मजा बायकांना रंगवून सांगत होती, "वर काय वारा होता! आणि ही कुंदा, कठड्यापाशी अशी घाबरली, मीच हिचा हात धरून ठेवला. आठवते नं, कुंदे?"

मी तर खालीच होते, हे कुंदाताईच्या ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तो धरलेला हातही गेला असता. आणि तिचा हात असा कोणी कधी धरलाच नव्हता.

"आठवते तर," ती म्हणाली. "चांगला घट्ट धरला होतास."