टेबलाखालचं बटण

माझे काका नगरसभेत माइकवाले. माणूस जागा असतानाही निम्मा झोपेत. सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचे आणि घरी येऊन सांगायचे, की सभा संपली तरी आवाज आत तरंगत राहतात. अर्धवट तोडलेली वाक्यं छताजवळ घुटमळतात. आम्ही हसायचो. काकू हसायची नाही, कारण त्यातली बरीच वाक्यं तिची होती.

काकू त्याच सभेत निवडून आलेली. वर्षानुवर्षं तेच ते अध्यक्ष, आणि त्यांच्या टेबलाखाली एक बटण. ते दाबलं की बाकी सगळे माइक बंद. बटण काकांनीच बसवलेलं, अध्यक्षांच्या सांगण्यावरून. काकू पाण्याच्या पाइपांबद्दल बोलायला उठली की दुसऱ्याच वाक्याला माइक मुका. उरलेलं भाषण जेवताना काकांच्या वाट्याला यायचं. ते खाली मान घालून ऐकायचे. त्यांना फार लाज वाटायची, पण पोटापाण्याचा प्रश्न होता.

शेवटी सदस्यांनी नवा नियम मांडला. अध्यक्ष दर वर्षी चिठ्ठी टाकून निवडायचा, आणि ते बटण काढून टाकायचं. मतदानाच्या दिवशी अध्यक्षांनी बटण दाबूनच ठेवलं. पण हात वर करायला माइक लागत नाही. आधी काकूचा हात वर गेला, मग एकेक करत निम्म्याहून जास्त. काका म्हणाले, काचेतून बघताना सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटत होतं.

नियम मंजूर झाला आणि पहिली चिठ्ठी नेमकी काकूचीच निघाली.

तिची पहिली सभा. मी कौतुकाने सोबत गेले होते. रिकाम्या सभागृहात तिरपं ऊन, त्यात धूळ सावकाश फिरत होती. काका पक्कड घेऊन टेबलाखाली शिरले. काकू खुर्चीत बसली, आणि तिचा हात आपसूक बटणाकडे गेला.

"अहो, आजचा दिवस राहू द्या ना," ती हळूच म्हणाली. "जुने अध्यक्ष आज मला बोलू द्यायचे नाहीत."

काकांनी जन्मात तिचा शब्द मोडला नव्हता.

"बसवून घेताना तेही असंच म्हणाले होते," टेबलाखालून काका म्हणाले. "आजच्या दिवसापुरतं."

काकूने हात मांडीवर घेतला. तार तुटल्याचा आवाज अगदी बारीक आला.

जुने अध्यक्ष त्या दिवशी तोंडाला येईल ते बोलले. काकूने सगळं ऐकून घेतलं. मग ती बोलली, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत.

संध्याकाळी ती निवांत जेवली, एक शब्द न बोलता. काका मात्र घास हातात धरून तिच्याकडे बघत बसले होते. त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.