साडेसातची मीटिंग

ऐरोलीच्या ऑफिसात तो माझ्या हाताखाली सर्व्हर सांभाळायचा. कामात खोट नव्हती, पण सहा वाजले की बॅग उचलायचा. घरी नोकरी करणारी बायको, अंथरुणाला खिळलेली आई आणि दुसरीतली मुलगी. संध्याकाळी आईला भरवणं, मुलीचा अभ्यास घेणं, सगळं तोच करायचा. मला ते खुपायचं. माझ्या घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं, हे खरं कारण आज कबूल करतो.

मी मुद्दाम रोजची मीटिंग साडेसातला ठेवली. तो खांदेश्वरच्या घरून फोनवर हजर राहायचा. एकदा त्याचा माइक सुरू राहिला आणि मुलीचे पाढे सगळ्यांना ऐकू आले.

"काय रे, कंपनीत आहेस की बालवाडीत?" मी विचारलं. सगळे हसले.

"सॉरी सर," तो म्हणाला.

तीन वर्षांनी तो हार्ट अटॅकने गेला. सोसायटीच्या हॉलमधल्या शोकसभेत मी माफी मागायचं ठरवून उभा राहिलो, पण तोंडातून भलतंच निघालं. "तो फार कुटुंबवत्सल होता..."

त्याची बायको जागची उठली. "सर, तुमची मीटिंग सुरू झाली की हे पोरीला असं करायचे." तिने ओठांवर बोट ठेवलं. "तीन वर्षं ती रोज गप्प बसली. आज तुम्ही बसा."

मी बसलो. शेजारच्या खुर्चीवरचा त्याचा भाऊ उठून दुसरीकडे गेला.