मधल्या सीटवरचा गणपती

मी मुळातच तापट. पेणला आमचा गणपतींचा कारखाना, आणि माझा आवाज दोन आळ्या सोडून ऐकू जायचा. थोरल्या मुलाने कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली शाडूची मोटार घडवायला घेतली, तेव्हा मी आधी ओरडलोच. "ऐन सीझनात ही काय थेरं? मूर्त्या काय तुझा बाप करणार?"

"बापच करतोय की," तो म्हणाला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जगात सगळ्यात वेगवान ठरलेल्या एका परदेशी मोटारीचा फोटो त्याला मासिकात सापडला होता. त्याला विक्रमापेक्षा तिच्या घडणीचं वेड. अंग लोखंडाचं नाही, कार्बनच्या धाग्यांचं, राळेत बसवलेलं. ते मला लगेच कळलं. आम्ही प्लास्टरात काथ्या घालतो, तेच. इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख, का तर सोनं उष्णता परतवतं. आणि चालवणारा बरोब्बर मधोमध, दोन्ही अंगांना जरा मागे एकेक सीट. "बाबा, ही इथं धावली ना, तर पेण ते रोहा सात-आठ मिनिटं! गडब कधी आलं नि गेलं कळायचं नाय."

"आणि म्हशी आडव्या आल्या म्हणजे?" मी विचारलं.

तिकडे मोटारीसुद्धा आधी मातीत घडवतात, हे मला त्यानेच सांगितलं. मुंबईच्या एका कॉलेजात ती विद्या शिकवत. गणपतीनंतरच्या आठवड्यात त्यांनी त्याला मुलाखतीला बोलावलं होतं, स्वतःच्या हातची वस्तू घेऊन. त्यासाठीच तो तीन महिने खपला. माझा मात्र जीव खाली-वर होत होता. मूर्तीचे डोळे रेखायला माझ्यानंतर त्याचाच हात. तो गेला तर कारखाना कुणाच्या जिवावर?

मूर्तिकाराच्या घरचा गणपती सगळ्यात शेवटी होतो. चतुर्थीच्या आदल्या दुपारी गिऱ्हाइकं पांगली, आमची वीतभर मूर्ती रंगवून झाली, पोरगा मखराचं सामान आणायला बाजारात गेला. समोर ती दोन हात लांब मोटार, छप्पर काढून ठेवलेली. माझं लक्ष मधल्या सीटवर गेलं. सहज देवाला तिथं ठेवून पाहिलं, बाजूंना रिद्धी-सिद्धी. अहो, काय बसला! जणू त्याच्यासाठीच बनवलेली. मला पोराचा इतका अभिमान वाटला की काही विचारू नका. आणि हाताने सवयीने करायचं ते केलं. पातळ शाडू लावून मूर्ती सीटला सांधून टाकली. आमच्यात देव आसनावर सुटा ठेवत नाहीत.

पोरगा आला, बघतच राहिला. "शोभतोय हो, बाबा," म्हणाला. त्याला वाटलं, नुसता ठेवलाय.

पाच दिवस अर्धं पेण लोटलं बघायला. मी येईल त्याला मोदक वाढत होतो. माझ्या पंगतीत एकदा म्हटलेलं 'नको' मी धरत नाही. हात आडवा केला तरी दुसरा मोदक पानात पडतोच.

पाचव्या दिवशी उत्तरपूजा झाली. मूर्ती उचलून पाटावर घ्यायला पोरगा वाकला. मूर्ती हलेना. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"अवो, काय केलंत हे?" बायको म्हणाली. "कापा की आता. पूजा उतरलीय."

मी माती कापायची तार घेऊन आलो. सांध्यापाशी धरलीही. पोराने माझं मनगट धरलं. "नको, बाबा. मूर्ती खंडित व्हईल. तुमच्या हातून नको."

खरं होतं. जन्मात माझ्या कारखान्यातून टवका उडालेली मूर्ती बाहेर गेली नव्हती. मी तार खाली ठेवली. आणि आता लपवून काय करू, मला त्या क्षणी बरं वाटलं. पोरगं राहील, असं वाटलं. देवासमोर उभा राहून मला हे वाटलं.

भोगावती नदीत त्याने स्वतः ती मोटार सोडली, देवासकट. भाद्रपदातल्या दमट हवेत दुसरी करून वाळणं शक्यच नव्हतं. मुलाखतीला तो गेला नाही. कारखान्यातही राहिला नाही. वर्षाच्या आत रोह्याच्या एका कंपनीत लागला. शिफ्टला पॅसेंजरने जायचा. मातीला पुन्हा हात म्हणून लावला नाही.

एकदा डॉक्टरला दाखवायला मी त्याच्याबरोबर रोह्याला निघालो. वाटेत निडी स्टेशनला गाडी उगाच थांबून राहिली. डब्यात आम्ही दोघंच. मला राहवेना. "तुझी मोटार असती तर केव्हाच पोचलो असतो, नाय रे?"

"तुम्ही पंगतीत कुणाचं ऐकत नाय," तो म्हणाला. "तार धरलीत तेव्हा मी पण एकदाच नको म्हटलं होतं, बाबा."