आधी वाळलेलं, मग हिरवं

गल्लीत त्यांना सगळे बरगडीमामा म्हणत. कुणाच्या घरी गेले, की आधी गाईच्या बरगड्यांवरून हात फिरवणार, मग माणसांची विचारपूस.

सुक्या दिवसांत माळावर नुसत्या काड्या उरतात. गाय दिवसभर चरते, पण अंगी काही लागत नाही. मग तिचं शरीर साठवलेल्या चरबीवर गुजराण करतं, दूध आटतं, माजावर येणंही थांबतं. "काही बिघडलेलं नसतं," मामा सांगत. "बाई काटकसरीनं संसार रेटतेय."

त्यांच्या भुरी गाईचंही तसंच झालं होतं. पण गोठ्याचा कारभार सुनेच्या हातात.

"मामंजी, भुरी भाकड झाली. बाजाराच्या दिवशी दलाल येतोय."

"अगं, हिरवं येऊ दे. कशी भरते बघ!"

"तोवर ती मला खाऊन मोकळी होईल."

दलाल येण्याच्या तोंडावरच माळ हिरवा झाला. मामांचा जन्मभराचा नियम होता: गाईला आधी वाळलेलं गवत चारायचं, मगच कोवळ्यावर सोडायचं. पोटाला सवय हवी. हा नियम मोडला म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीला फैलावर घेतलं होतं. पण आता भुरी जायची वेळ आली. भरलेली दिसली तर सुनेचं मन फिरेल, म्हणून त्यांनी कोवळ्या गवताचे भारेच्या भारे तिच्यापुढे टाकले. सकाळी भुरीचं पोट गच्च. मामा खूश!

दलाल आला. शेपटी उचलून मागून नीट बघायला वाकला, आणि भुरीनं सगळं हिरवं एका दमात परत केलं. शर्टापासून बुटांपर्यंत.

"आजारी गाय गळ्यात मारता काय?" म्हणत तो तरातरा निघून गेला.

सून सासऱ्यांकडे वळली. "नियम कुणाचा?"

"माझा."

"मोडला कुणी?"

मामा भुरीची शेपटी पुसायला लागले. सुनेला हसू आवरेना. डोळे पुसत तिनंच वाळलेल्या गवताची पेंढी भुरीपुढे टाकली. "हिरवं आहे तोवर ठेवते. नाही भरली, तर दोघांनाही एकदमच विकते."

त्यानंतर माळावर जायच्या आधी रोज वाळलेलं गवत मिळू लागलं. भुरीचं पोट थाऱ्यावर आलं, कातडीला चकाकी आली. एका सकाळी ती दावं तोडून हंबरायला लागली.

"मामंजी, उठा! तुमची लाडकी माजावर आली!"

मामा धावले. सवयीनं हात फिरवला. बरगडी लागेना. पुन्हा फिरवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "गल्लीला सांग, आता माझं नाव बदला."