दगाभाऊ लेकीचं घर पाहायला जातात

दगाभाऊंशी बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलावं लागतं. उभं आयुष्य लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात गेलेला माणूस. यंत्रांच्या खडखडाटात आधी कान गेले आणि मग आपला आवाज किती मोठा आहे याचा अंदाजही गेला. सुरतेच्या डिंडोलीत त्यांची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घरात गुपित म्हणून काही शिल्लक राहिलेलं नाही. उषावहिनींना काही खासगी सांगायचं असेल तर त्या हातवारे करतात, खात्यात कारीगर एकमेकांशी करतात तसे. भाऊंचं उत्तर मात्र खणखणीत येतं. म्हणून तर धाकट्या लेकीने, नूतनने परदेशातून फोन करून लग्नाचं काढलं, तेव्हा मुलाचं नाव आल्विन आहे हे तिच्या सख्ख्या बहिणीच्या आधी मला कळलं.

नूतन इंजिनियर. तिला कंपनीने मध्य अमेरिकेत, कोस्टा रिकाला पाठवलं, तिथली राजधानी सान होसे, तिथे ऑफिस. आल्विन त्याच ऑफिसातला. त्याचं घर मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅरिबियन समुद्राच्या काठी पुएर्तो व्हिएहो नावाच्या गावात. आईबाप लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेला. फोटोत पाहिला तर उंचापुरा, काळाभोर, हसरा. आमच्या सोसायटीत लगेच कुजबुज सुरू झाली. लोकांना काय, दुसऱ्याच्या लेकीचं लग्न म्हणजे फुकटचा तमाशा. एकाने तर तोंड वर करून रंगाचं विचारलं. भाऊंनी त्याला आपल्या घरातला आरसा दाखवला आणि चहा न देता वाटेला लावलं. मला फार बरं वाटलं.

पण भाऊंचा स्वतःचा होकार काही निघेना. रंग नाही, जात नाही, त्यांची अडचण वेगळीच होती. त्यांचा एक हिशोब आहे: सकाळची गाडी धरली की दिवेलागणीच्या आत बापाला लेकीच्या दारात पोचता आलं पाहिजे. थोरली उज्ज्वला त्यांनी सुरतेजवळच कामरेजला दिली ती याच हिशोबाने. तिच्या मुलाला ताप आला तरी हे दुपारपर्यंत तिथे हजर. आता ही धाकटी सातासमुद्रापार. तिला काही झालं तर कोण धावणार?

नूतनने बापाला शब्द दिला होता की तुम्ही नाही म्हणालात तर मी हे लग्न करणार नाही. पोरगी शब्दाची पक्की, म्हणून भाऊंचा जीव जास्तच टांगणीला. शेवटी त्यांनी सांगितलं, घर पाहिल्याशिवाय सोयरीक नाही. आता दगाभाऊंच्या भावकीत घर पाहायला जायची एक रीत आहे. मुलीकडच्यांनी त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मनात होकार ठरला की मुलीच्या बापाने आपण होऊन पाणी मागायचं. पाणी मागितलं की सोयरीक झाली. न मागता उठला की लोक काय ते समजून जातात, कुणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही.

कागदपत्रांची कटकट महिनोन्‌महिने चालली. सगळे पैसे नूतनचे. मग एकदाचे दोघं नवराबायको विमानात बसले. पुढचं सगळं मी भाऊंकडून ऐकलं, आणि ते जिथे रंगवून सांगतात तिथे उषावहिनींनी स्वयंपाकघरातून दुरुस्त केलं.

सान होसेहून त्या गावाला छोटं विमान करू, असं आल्विन म्हणत होता. भाऊ म्हणाले, लेकीच्या घराची वाट जमिनीवरून पाहायची असते. ढगातून काय कळणार? मग पहाटेची बस. वहिनींनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली, भाऊंनी सुरतेहून नेलेली आपली मोठी बाटली नूतनच्या नळावर भरली. नूतनचं पाणी चालत होतं, ती आपली लेक. बाटली मांडीवर धरून भाऊ खिडकीशी बसले आणि खुणा लक्षात ठेवायला लागले, जणू पुढच्या वेळी एकटेच येणार होते.

शहर संपलं आणि डोंगर लागला. घनदाट जंगल, धुकं, वरून पाऊस. घाटात दरड कोसळली होती, बस तिथेच उभी राहिली. किती वेळ ते कुणी सांगेना. शेजारच्या बाकावर एका बाईचं तान्हं रडत होतं, तिच्याकडचं पाणी संपलेलं. भाऊंनी बाटली पुढे केली. बाईने पोराला पाजलं, स्वतः प्यायली, मागच्या म्हातारबाबांना दिली. बाटली परत आली तेव्हा तळाला दोन घोट होते, ते भाऊंनी वहिनींना दिले. आल्विनने लगेच आपली बाटली पुढे केली. भाऊंनी हात जोडले. त्या घरच्या माणसाने दिलेलं पाणी ते त्या घरचंच. नूतन खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला रीत ठाऊक होती, आल्विनलाही तिने सांगून ठेवली होती. पोरगा बिचारा बाटली घेऊन तसाच बसला, आणि भाऊ प्यायले नाहीत म्हणून तोही प्यायला नाही.

रस्ता मोकळा झाला आणि घाट उतरला तशा केळीच्या बागा सुरू झाल्या. मैलच्या मैल केळी, घडांना निळ्या पिशव्या बांधलेल्या. भाऊ मूळचे खानदेशातल्या चोपड्याकडचे, लहानपणी केळीला पाणी धरलेले. ते काचेला नाक लावून बसले आणि मोठ्या आवाजात वहिनींना एकेका बागेची अवस्था सांगायला लागले. सगळी बस वळून पाहत होती. वहिनी म्हणतात, त्या वेळी मला वाटलं हे पाघळले. पण बागा संपल्या, समुद्र दिसायला लागला आणि भाऊ बोटांवर तास मोजायला लागले. एवढं अंतर, आणि विमानाचं तर अजून धरलंच नव्हतं.

दुपार कलल्यावर ते पोचले. लाकडी घर, खांबांवर उचललेलं, पत्र्याचं छप्पर, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे समुद्र. आजी दारातच उभी होती. तिकडे वयस्कर बाईला नावाआधी मिस म्हणतात, हिला सगळं गाव मिस एडना म्हणतं. तिने भाऊंचे दोन्ही हात धरले आणि पाणी आणायला आत गेली, तिच्या मागोमाग नूतन आणि वहिनीही. भाऊंनी हात जोडले. मग लिंबाचं सरबत आलं. हात जोडले. मग शहाळं आलं, वरून तासलेलं, पाणी काठापर्यंत. भाऊंच्या घशाला कोरड पडली होती, जीभ टाळ्याला चिकटत होती, पण हात जोडलेलेच. आणि दर वेळी नूतनचा चेहरा थोडा उतरत होता.

मिस एडनाने नूतनला विचारलं, तुझ्या वडलांचा उपास आहे का? नूतनला एवढी सगळी रीत त्या घडीला समजावणं सुचेना, ती हो म्हणाली. झालं. म्हातारीने नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात झाकून ठेवला आणि स्वतःही जेवली नाही. पाहुणा उपाशी असताना ती कशी जेवणार? दोन हट्टी म्हातारी माणसं समोरासमोर, एकमेकांकडे पाहून हसत आणि उपाशी.

पण घर पाहायचं ते भाऊंनी पाहिलं. आल्विनने आल्या आल्या आजीच्या औषधाची गोळी काढून दिली, विहिरीचा पंप तपासला. शेजारीण न विचारता मागच्या दाराने आत आली आणि भांडी घासून गेली. खोट काढायला जागा नव्हती. तेच तर अवघड झालं. घर वाईट असतं तर न मागता उठणं सोपं होतं.

शेवटी ते उठून समुद्रावर गेले. मागोमाग उषावहिनी. वाळू काळी होती, आपल्या सुरतेच्या डुमसला असते तशी. लाटांचा आवाज एवढा की भाऊंना खात्यात उभं असल्यासारखं वाटलं आणि पहिल्यांदा त्यांचं डोकं शांत झालं. त्यांनी बायकोला मनातलं सांगितलं. माणसं चांगली आहेत, पण लांब फार आहे. रात्री पोरीला काही झालं तर मी कसा येऊ? मला हे झेपणार नाही.

लाटांमध्ये बोलून काही उपयोग नव्हता. उषावहिनींनी बोट स्वतःकडे केलं, मग अंगठा ओठांकडे नेला. खात्यातली खूण. मी पाणी प्याले.

भाऊंना वाटलं आपण चुकीचं पाहिलं. वहिनींनी पुन्हा तीच खूण केली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"मी ते कवयच पी लिधं. आल्या आल्या. त्या मायनी पहिले आपली नूतनले पाजं, हातवरी तोंड पुसं, मंग माले दिधं. आपल्या नातूले सगळ्यासना मांगून. तिना घरनं पानी मी कसं नाकारू?"

भाऊ चिडले. मला विचारलं नाहीस, म्हणाले. रीत बापाची आहे, म्हणाले. वहिनी वाळूत बोटाने रेघा ओढत बसल्या. आणि त्यांना तसं बसलेलं पाहून भाऊंना भलतंच आठवलं.

उषावहिनींचे वडील सुरतेला घर पाहायला आले होते ते. गावाहून एसटीने अमळनेर, तिथून ताप्ती लाइनच्या गाडीने उधना. दुसरं राज्य, दुसरी भाषा, आणि भाऊंचं घर म्हणजे एक खोली. सासरे दारातल्या खाटेवर बसले आणि म्हणाले, लय लांब शे. जेवणवेळ टळली, दुपार उलटली, त्यांनी पाणी मागितलं नाही. भाऊंची आई चुलीशी बसून डोळे पुसत होती. आणि तेव्हाचे तरुण भाऊ, लूमवरची पाळी सोडून आलेले, भरलेला तांब्या हातात घेऊन दाराआड उभे होते. हात अवघडले होते, पण तांब्या खाली ठेवायची हिंमत होत नव्हती. ठेवला आणि त्याच क्षणी त्यांनी मागितलं तर?

हे मला सांगताना भाऊंचा आवाज लहान झाला. एवढ्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला. सासऱ्यांनी शेवटी कशामुळे मागितलं ते भाऊंना आजही माहीत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही.

ते वाळू झटकून उठले. रस्ता ओलांडून घराच्या पायऱ्या चढले. दिवे लागत होते. मिस एडना खुर्चीत बसली होती, झाकलेलं जेवण तसंच. नूतन तिच्या पायाशी, मान खाली घालून. आणि स्वयंपाकघराच्या दारात आल्विन उभा होता, एवढा उंच की चौकटीत मान वाकवावी लागत होती. त्याच्या हातात पाण्याचा जग होता. काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांनी धरलेला. किती वेळ धरून होता कोण जाणे.

भाऊ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाने पत्र्याचं छप्परसुद्धा वाजलं असेल.

"नूतन, माले पानी लई ये."

आल्विनला अहिराणीचा एक शब्द येत नाही. पण नूतन रडतच उठून त्याच्याकडे धावली तेव्हा त्याला सगळं कळलं. जग तिच्या हातात देताना त्याने अर्धा तिच्या अंगावर सांडला. भाऊ प्यायले ते उभ्यानेच, आधी पेल्याने आणि मग सरळ जग तोंडाला लावून, आणि हनुवटीवरून ओघळ शर्टात जात होते. मिस एडनाने समाधानाने भातावरचं झाकण काढलं आणि नूतनला विचारलं, सुटला का गं तुझ्या वडलांचा उपास? नूतन रिकामा जग छातीशी धरून नुसती होकाराची मान हलवत राहिली.