नानांची परात

माझ्या हातात ढाल असताना मी अक्कांना मरू दिलं. ढालीवर ओरखडा पडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अक्का म्हणजे नानांची बायको, आणि मेली ती त्यांची खेळातली वैदीण. खऱ्या अक्का समोरच शेंगा सोलत बसल्या होत्या. नाना आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीने पुण्याच्या होस्टेलातून हा खेळ आणला: प्रत्येकाने कागदावर एक पात्र लिहायचं आणि फासे टाकत राक्षसांशी लढायचं. मुलगी लग्न होऊन धुळ्याला गेली, खेळ नानांना चिकटला. दर रविवारी सकाळी पिंप्राळ्यात त्यांच्या ओट्यावर आम्ही जमायचो. गोष्ट सांगणारे नाना, राक्षसही नानाच.

पहिल्याच दिवशी मी जाहीर केलं, "एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, आणि मशाल पेटवून मी गुहेत शिरतो." नाना आत गेले, पितळी परात आणून माझ्या डाव्या हातात दिली, उजव्यात लाटणं. "आता मशाल कुठे धरतो भाऊ? दातात?" दहा मिनिटं मला तसंच उभं ठेवलं. लोक स्कूटर थांबवून बघत होते. वेल्डिंगही त्यांनी असंच शिकवलं असणार. तेव्हापासून दर रविवारी ती परातच माझी ढाल.

ढालीचा नियम सोपा होता. ढाल धरली की राक्षसाला फाशावर दोन जास्त पाडावे लागतात. शिवाय एकदाच, अख्खा घाव ढालीवर घेता येतो. ढाल फुटते, माणूस वाचतो. स्वतः किंवा शेजारचा. अट एकच, नानांच्या तोंडी कायम असलेली: "फासा पडायच्या आधी बोला."

दोन वर्षांत मी ढाल फोडली नाही. दोनदा मरायला टेकलो, दोन्ही वेळा अक्कांच्या वैदिणीने उठवलं. नाना वैतागायचे. "अरे, लग्नात आलेला डिनर सेट आहे का तो?"

"मोठ्या लढाईसाठी ठेवलीय नाना."

मोठी लढाई आली ती शेवटच्या रविवारी. नाना-अक्का कायमचे मुलीकडे निघाले होते. वैदिणीला जिवंत बाहेर काढायचं आणि धुळ्याला नातीसोबत तिलाच घेऊन खेळायचं, असं अक्कांनी ठरवलेलं. राक्षसाची कुऱ्हाड नेमकी तिच्यावर आली. शेजारी मी.

नानांनी फासे मुठीतच धरले. "कोणाला काही बोलायचंय?"

मी परात मांडीवर ओढून घेतली. त्यांनी परातीवर बोटं वाजवली. "भाऊ, काही?"

"टाका ना नाना, ऊन चढलं."

बारा पडले, म्हणजे बाराचा घाव. वैदिणीत जीव उरला होता नऊ.

"थांबा! माझी ढाल!"

"फासा पडला," नाना म्हणाले. मी वाद घातला, नियमांचं पुस्तक मागितलं, शेवटी पाया पडलो. बायकोसाठीही त्यांनी तो फासा उचलला नाही. नुसता चष्मा पुसत राहिले. अक्कांनी कागदाची घडी घातली आणि शेंगांच्या टोपलीत ठेवून दिली.

दोन दिवसांनी टेम्पोत सामान चढलं. निघताना नानांनी परात माझ्या हातात दिली. "ठेव. सराव कर."

टेम्पोत बसलेल्या अक्कांनी मान बाहेर काढून नानांना घरच्या बोलीत सुनावलं.

"अहो, त्याले कसाले देतस? कपाटमा नेम्मन जपीसन ठेवी दी तो. मानूस मरी गया का मंग काढी!"