देवाच्या वाट्याची पहिली ओळ

दिव्याला आमच्या वाडीत ‘कम्प्युटरवाली’ म्हणतात, आणि त्यात कौतुक थोडं, टोमणा जास्त. बाप वारला तेव्हा पुण्याची नोकरी सोडून ही पोरगी आईजवळ येऊन राहिली. आई लक्ष्मी मासे विकते, तोंडाने महा फटकळ. “हय रवान काय करतलंस गो? बांगड्यांक इंटरनेट शिकवतलंस?” असं ती भर बाजारात गिऱ्हाइकांसमोर विचारायची. दिव्या हसून सोडून द्यायची, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकुलती एक लेक जवळ आलीय, तर बाई, सुखाने दोन घास घाल ना तिला! तरी लक्ष्मीचं अगदीच खोटं नव्हतं. दिव्याला इथंच राहायचं होतं, आणि राहायचं तर हाताला काम हवं.

ते काम आमच्या मच्छीमार सोसायटीत निघालं. मी तिथली कारकून, शर्मिलाकाकी. वादळात ज्यांची जाळी फाटली त्यांना सोसायटी नवी देणार होती, आणि प्रत्येक गटाने आपल्या माणसांची यादी ऑनलाइन भरायची होती. चेअरमन भाईंनी दिव्याला बजावलं, “हे नीट झालं तर पुढचं सगळं काम तुझं. फसलं तर मी शहरातली कंपनी बघतो.” त्यावर लक्ष्मीने आपली अट ठोकली, “ह्यां काम गेला की तूय पुण्याक जातलंस.” आणि ही खुळी हो म्हणून बसली!

फॉर्म मात्र तिने झकास केला. कुणाच्या गटात आठ माणसं, कुणाच्या चाळीस, म्हणून ‘आणखी माणूस’ दाबलं की खाली नवी ओळ उघडायची, आणि ‘काढा’ दाबलं की नको ती ओळ जायची. प्रत्येक ओळीत नाव, वय, आधार, मोबाईल. काही राहिलं की फॉर्म लाल अक्षरांत अडवायचा, आणि सगळं बरोबर असलं की हिरवी खूण.

याद्या यायला लागल्या. देवगडच्या ट्रॉलरवाल्यांच्या कशा व्यवस्थित! आणि आमच्या रापणवाल्यांच्या कोऱ्या. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्या वाडीने मिळून ओढायचं मोठं जाळं. इतकी माणसं ओढतात आणि यादीत नावाला एक नाही! बरं, ज्याला विचारावं तो फोनवरची हिरवी खूण दाखवतो. भाई भडकले. “उद्या मुदत संपते. या लोकांना जाळं मिळालं नाही तर तू जबाबदार,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

दिव्याचं तोंड एवढंसं झालं. घरी खोटी नावं घालून तिने तो फॉर्म पुन्हा पुन्हा भरला, आणि दरवेळी तो मुकाट्याने बरोबर चालला. सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाली, “काकी, दाजींकडे चला. ते कसे भरतात ते मला डोळ्यांनी बघायचंय.”

दाजी आमच्या रापणीचे म्होरके. घरापुढच्या अंगणात, म्हणजे आमच्याकडच्या खळ्यात, बसून त्यांनी एका बोटाने फॉर्म उघडला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, देवाचा वाटा. आमच्याकडे मासळीची वाटणी झाली की पहिला वाटा ग्रामदेवतेचा, मग माणसांचे. त्यामुळे कुठलीही यादी देवापासूनच सुरू होते. फॉर्मने लगेच लाल अक्षरांत विचारलं, वय भरा.

“बघ गो बाये! तुझो फॉर्म देवाक वय इचारता! उद्या आधारकार्ड मागात!” दाजी म्हणाले. मग त्यांनी देवाला हात जोडले, ‘काढा’ दाबलं, बाकीची नावं भरली. हिरवी खूण आली.

दिव्याने कपाळावर हात मारला. “काकी, माझीच चूक!” झालं होतं असं, की फॉर्ममधल्या ओळींना आतून नंबर असतात आणि पहिलीचा नंबर शून्य. ती काढली तरी खालच्या ओळी आपल्या एक, दोन, तीनच राहात. पलीकडे यादी घेणारा प्रोग्राम मोजायला बसे शून्यापासून. शून्यच सापडत नाही म्हटल्यावर तो समजे, यादीच नाही. आणि रिकाम्या यादीत चूक ती कसली? म्हणून हिरवी खूण! घरी तपासताना दिव्याने नेहमी शेवटची ओळ काढून बघितली होती.

भाई फोनवर म्हणाले, “सोप्पं आहे. लोकांना सांग, देव लिहू नका.”

“नाही भाई,” दिव्या म्हणाली. “देव पहिल्या ओळीतच राहील. मी फॉर्म बदलते.”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तिथंच खळ्यात बसून तिने काम उरकलं. ओळ काढली की बाकीच्यांचे नंबर नव्याने लागतील. रिकामी यादी पुढे जाणार नाही. ‘देवाचा वाटा’ निवडला की वय, आधार विचारायचं नाही. फक्त मोबाईल नंबरची अट भाईंनी सोडली नाही, कारण जाळ्याचा निरोप प्रत्येक वाट्याला जायचा होता.

दाजींनी परत भरायला घेतलं. देव बसला, वय विचारलं नाही, आणि मोबाईलपाशी गाडं अडलं. दाजींचा नंबर त्यांच्या ओळीत लागणार, एक नंबर दोनदा चालत नाही. मी म्हटलं, “तुमच्या मुंबईच्या मुलाचा घाला.”

“मुंबयचो नंबर देवाक कित्याक? हाक मारल्यार माणूस येवक व्हयो.” मग ते दिव्याकडे वळले. “तुझो घाल. तू हयच रवतलंस मां?”

लक्ष्मी नुकतीच बाजारातून येऊन खळ्याच्या कडेला उभी होती, डोक्यावर टोपली तशीच. पोरीने आईकडे बघितलं. मीही बघितलं, आता ही काय फटकारते म्हणून.

लक्ष्मीने टोपली खाली ठेवली. “दाजी, लिवा,” ती म्हणाली, आणि लेकीचा नंबर तिने एका दमात, एकही आकडा न चुकता, तोंडपाठ सांगितला.